घरपोच सोडल्याचा अंगठा : सातपुड्यातल्या एका पीएचसीच्या गाडीचं प्रकरण

आधीच सांगतो, या प्रकरणात कुणाचा जीव गेलेला नाही. बाळ आणि बाळंतीण दोघं सुखरूप घरी पोचली. आणि म्हणूनच हे लिहायला घेतलंय, कारण जीव गेला की चौकशी समिती बसते, पेपरात फोटो येतो, अधिवेशनात प्रश्न लागतो, पण जीव वाचला आणि नुसता हक्क बुडाला, घरातले हजार-बाराशे रुपये गेले, तर त्याची नोंद कुठंच होत नाही. सरकारी आरोग्यसेवेवर देखरेख कशी चालते, ती कुठं अडते आणि अडली की कुणाच्या सहीनं सुटते, हे समजायला मला तरी मोठ्या घोटाळ्यांपेक्षा हे छोटं प्रकरण जास्त कामाचं वाटतं.

जागा म्हणाल तर नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा-धडगावकडचा पट्टा, डोंगराच्या आतलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. गावाचं नाव लिहीत नाही, यातले बरेच लोक अजून नोकरीत आहेत आणि त्यांच्यावर खापर फोडायचा माझा इरादा नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तेव्हा लोकांना वाटलं होतं आता ऑफिस जवळ आलं, कामं होतील. ऑफिस आलं खरं, पण अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) या दोन्ही पूर्ण अनुसूचित क्षेत्रातल्या तालुक्यांत एका बाजूला घाट आणि दुसऱ्या बाजूला नर्मदेचं फुगलेलं पाणी, मध्ये डोंगरभर विखुरलेले पाडे. निकषाप्रमाणे सपाटीवर ३०,००० लोकसंख्येला एक पीएचसी आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० ला एक. कागदावर डोंगराला सवलत दिल्यासारखं दिसतं, पण शिरपूर-शहाद्याच्या सपाटीवर रिक्षा, एसटी, मोटरसायकल काहीतरी मिळतंच, इथं एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं तर आधी अख्खा डोंगर उतरायचा आणि मग दुसरा चढायचा. त्यामुळे इथं पीएचसीची गाडी म्हणजे अर्धा दवाखानाच समजा.

झालं असं. भर पावसाळा, पावरा समाजातली एक बाई, दुसरं बाळंतपण. घरच्यांनी झोळीत घालून नाल्यापलीकडे आणली, तिथून कुणाच्या तरी जीपनं पीएचसीत. रात्री सिस्टरनी एकटीनं बाळंतपण केलं, आणि चांगलं केलं, हे मुद्दाम लिहितोय. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. गाडी समोर शेडखाली उभी होती. सासऱ्यानं ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "भाऊ, डिझेलले पैसा नही शे, गाडी कशी काढू मी?" मग बाजारातून क्रूझर स्पेशल केली, १२०० रुपये. क्रूझर नाल्यापर्यंत गेली, पुढं बाळ कडेवर घेऊन पायी. निघायच्या आधी ऑफिसमध्ये एका रजिस्टरवर बाईचा अंगठा घेतला होता. तो कशाचा ते तिला कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

आता हक्क काय होता ते बघा. १ जून २०११ ला केंद्र सरकारनं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला एक रुपया लागणार नाही, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मल डिलिव्हरीला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण, घरून आणायची गाडी, पुढं रेफर केलं तर ती गाडी आणि घरी परत सोडायची गाडी, सगळं मोफत. आजारी नवजात बाळालाही हेच, आधी ३० दिवसांपर्यंत आणि २०१४ पासून वर्षाच्या बाळापर्यंत. शिवाय जननी सुरक्षा योजनेत आपल्याकडं ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण केलं की ७०० रुपये मिळतात. म्हणजे या बाईला सरकारकडून ७०० यायचे होते, तेही बँक खात्यात यायचे तेव्हा येतील, आणि रोख १२०० आजच गेले. दवाखान्यात आली नसती तर ते १२०० घरातच राहिले असते, हा हिशोब तिच्या सासूनं केला नसेल असं कुणी समजू नये, आणि पुढच्या खेपेला घरीच बाळंतपण करायचा निर्णय अशाच हिशोबातून होतो.

हे बाहेर आलं कसं, तर गावच्या बैठकीत. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, २०१३ ला त्याला शहरी भाग जोडून राष्ट्रीय आरोग्य अभियान झालं, आपण सगळे एनएचएम म्हणतो ते. त्यात सुरुवातीपासून एक चांगली गोष्ट लिहिलेली होती, की सेवेवर लोकांची देखरेख असली पाहिजे. त्यातून २००७ पासून आपल्या राज्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावात बसून लोक प्रश्नावली भरतात, नर्सताई येतात का, औषध बाहेरून आणायला लावतात का, गाडी मिळते का, आणि उत्तरावरून रंग लावतात, हिरवा म्हणजे चांगलं, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. आमच्याकडं हे काम करणाऱ्या कार्यकर्त्या मुली पाड्यावर जाऊन पावरीत, भिलोरीत बोलतात, त्यामुळे बाया बोलतात. या बैठकीत गाडीच्या प्रश्नाला सगळ्या बाया म्हणाल्या लाल. आशाताई गप्प बसली होती, तिचं बरोबर होतं, तिचा मोबदला त्याच पीएचसीतून निघतो.

पण त्याच महिन्याच्या पीएचसीच्या रिपोर्टात घरपोच सोडलेल्या बायांचा रकाना भरलेला, जेवढ्या डिलिव्हऱ्या जवळपास तेवढ्याच. दोन्ही खरं असू शकत नाही. म्हणून रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे पीएचसीचा कारभार बघायला लोकप्रतिनिधी, डॉक्टर आणि गावच्या लोकांची जी समिती असते तिच्या, एका सदस्याला सोबत घेऊन आम्ही डॉक्टरांना विनंती केली की प्रसूती रजिस्टर, घरपोच सोडल्याचं रजिस्टर आणि गाडीचं लॉगबुक तिन्ही एका टेबलावर ठेवा. डॉक्टरांनी ठेवली. आढेवेढे घेतले नाहीत, हेही लिहून ठेवतो.

लॉगबुकात रकाने साधेच असतात, तारीख, कुठून कुठं, निघायची वेळ, पोचायची वेळ, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, सही. आम्ही बोट ठेवून एक-एक ओळ वाचली. एका दुपारी एकच गाडी एकाच वेळेला दोन बायांना सोडून आली होती, एक पाडा नर्मदेच्या अंगाला, दुसरा घाटाखाली, आणि दोन्ही नोंदींत निघायची वेळ तीच. दुसऱ्या एका ठिकाणी गाडी थेट पाड्यापर्यंत गेल्याचं लिहिलेलं, त्या पाड्याला जायला रस्ताच नाही, पावसाळ्यात तर नाला ओलांडायला माणसाला माणूस धरावा लागतो. काही ओळींत शेवटचं रीडिंग आणि पुढच्या ओळीचं सुरुवातीचं रीडिंग जुळत नव्हतं. आणि घरपोच सोडल्याच्या रजिस्टरात त्या बाईच्या नावासमोर तिचा अंगठा, निळ्या शाईचा, व्यवस्थित.

इथं बऱ्याच जणांना वाटेल सापडला चोर. मलाही राग आला होता, पण पुढं जे कळत गेलं त्यानं प्रकरण वेगळंच निघालं. त्या गाडीवर किती जणांचा हात आहे बघा. गाडी जिल्हा परिषदेची, कारण पीएचसी जिल्हा परिषदेकडं असतात आणि जिल्हा आरोग्य अधिकारी त्यांचे साहेब, तर ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडं, म्हणजे राज्य सरकारकडं, एकाच तालुक्यात दोन वेगळ्या साखळ्या. डिझेलचे पैसे एनएचएमच्या हेडमधून. ते एनएचएमचं काम बघणारे जिल्ह्यातले आणि तालुक्यातले बरेच लोक कंत्राटी. ड्रायव्हर ठेकेदारामार्फत, त्याचा पगार ठेकेदाराच्या बिलावर अवलंबून. आणि गाडी पाठवायचा फोन १०२ वर लागतो. गाडी का गेली नाही असं विचारलं की डॉक्टर म्हणतात डिझेलचं बिल तालुक्यात अडकलंय, तालुका म्हणतो जिल्ह्यातून अनुदान आलं नाही, जिल्हा म्हणतो तालुक्यानं उपयोगिता प्रमाणपत्रच (आधीचा पैसा खर्च झाल्याचा दाखला) दिलं नाही तर पुढचा हप्ता कसा सोडायचा, आणि ड्रायव्हर म्हणतो माझा पगारच किती महिन्यांचा थकलाय. यातला एकही खोटं बोलत नव्हता, हीच मोठी अडचण. पंपवाल्यानं उधारी बंद केली होती आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं.

तेव्हा पैसा वरून खाली यायचा तो रस्ताही लांबचा. २०१५-१६ पासून केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. २०१४-१५ पासून केंद्राचा पैसा थेट राज्याच्या आरोग्य सोसायटीकडं (एनएचएमचा पैसा सांभाळणारी संस्था) न जाता आधी राज्याच्या तिजोरीत, तिथून सोसायटी, मग जिल्हा, मग तालुका, मग पीएचसी. प्रत्येक टप्प्यावर आठवडे जायचे आणि वर्षाच्या शेवटी मार्चमध्ये एकदम खर्च करा म्हणून फोन यायचे. हे काही आमच्याच तालुक्याचं रडगाणं नाही. देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१७ च्या २५ क्रमांकाच्या अहवालात मांडलंय की २७ राज्यांच्या आरोग्य सोसायट्यांकडं न खर्चलेली रक्कम २०११-१२ मध्ये ७,३७५ कोटी होती ती २०१५-१६ मध्ये ९,५०९ कोटी झाली. देशभर एवढा पैसा खात्यांत पडून आणि सातपुड्यातल्या पंपावर चार महिन्यांचं डिझेलचं बिल थकलेलं, या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेच्या आहेत.

आणि आता मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट. रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात पैसे होते. पीएचसीला अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा पैसा, २५,०००, देखभालीचे ५०,००० आणि समितीला १ लाख, असे मिळून वर्षाला पावणेदोन लाख यायचे. त्यातले बरेच शिल्लक. त्यातून डिझेल भरता आलं असतं, निदान क्रूझरचे १२०० देता आले असते. डॉक्टरांना विचारलं का नाही वापरले, तर त्यांनी कपाटातून एक फाईल काढून दाखवली. आधीच्या डॉक्टरांवर ऑडिटमध्ये आक्षेप निघालेला, तीन कोटेशन न घेता खरेदी केली म्हणून, आणि बदली होऊन गेल्यावरही वसुलीची पत्रं त्यांच्या मागं लागलेली. हा नवा मुलगा, बीएएमएस, एकटा डॉक्टर, सकाळी ओपीडी, दुपारी तालुक्याला मीटिंग, रात्री डिलिव्हरीची हाक. तो म्हणाला, खर्च केला तर मला प्रश्न विचारणारे चार जण आहेत, नाही केला तर एकही नाही. आपली देखरेख कशावर बसलीय ते मला त्या दिवशी कळलं. व्हाउचर आहे का, कोटेशन आहे का, सही आहे का, हे तपासणारी माणसं गावापासून दिल्लीपर्यंत बसलीत, ती पाहिजेतच, पैसा जनतेचा आहे. पण बाई घरी पोचली का हे बाईला विचारायची जबाबदारी त्या अख्ख्या साखळीत कुणाच्याच नावावर नाही. घरपोच सोडल्याचा आकडा पीएचसीतून तालुका, जिल्हा करत एचएमआयएस या सरकारच्या आरोग्य आकडेवारीच्या पोर्टलवर चढतो, प्रत्येक पायरीवर बेरीज तपासली जाते, आणि खालचाच आकडा खोटा असेल तर वरच्या सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम करूनही दिल्लीत खोटंच पोचतं.

मग खोटी नोंद केली का, तर रकाना रिकामा ठेवला की तालुक्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात. गाडी का नाही दिली असं कुणी विचारत नाही, रिपोर्ट शून्य का असं विचारतात. म्हणून रकाने भरले जातात. खोटी नोंद चूकच आहे, अंगठा न सांगता घेणं तर त्याहून वाईट, त्या बाईच्या हातून तिच्याच हक्कावर पाणी सोडवून घेतल्यासारखं ते आहे. पण ते करायला लावणारा दट्ट्या वरून येतो.

रुग्ण कल्याण समिती काय करत होती, हा प्रश्न येणारच. समितीचं इतिवृत्त बघितलं. प्रत्येक सभेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, दुसरा खर्चास मंजुरी देणे, तिसरा आयत्या वेळचे विषय, त्यासमोर निरंक. काही सह्या सभेत झालेल्या, काही रजिस्टर घरी नेऊन घेतलेल्या. समितीवरच्या एका बाईला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. नियमानं बघायला गेलं तर लोकप्रतिनिधी, डॉक्टर, गावचे लोक सगळे एकत्र बसून पीएचसीचा कारभार बघायची हीच जागा. ही जागा जिवंत असती तर हे प्रकरण गावाबाहेर जायची गरजच नव्हती. आता तर जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक बसला की समितीतला लोकप्रतिनिधीच नाहीसा होतो, जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला तेव्हा तिथं हेच झालं.

पहिली कारवाई काय झाली असेल? आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र दिलं आणि आठवड्यात ड्रायव्हर आणि सिस्टरला कारणे दाखवा नोटीस. ज्या सिस्टरनी रात्री एकटीनं बाळंतपण केलं तिलाच. फाईल तिथं बंद होणार होती, दोषी सापडला, कारवाई झाली. आम्ही लेखी कळवलं की आमची तक्रार या दोघांवर नाही, डिझेलच्या बिलावर आणि रिकाम्या समितीवर आहे, नोटीस मागं घ्या. सिस्टर नंतर एका कार्यकर्तीला म्हणाली की आमच्या बाजूनं कुणी पत्र लिहिलेलं पहिल्यांदा बघतेय. गावच्या लोकांना आणि खालच्या कर्मचाऱ्याला एकमेकांसमोर उभं केलं की वरचे सुटतात, हे देखरेखीच्या कामात पडणाऱ्या प्रत्येकानं डोक्यात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग जनसुनवाई. तालुक्याच्या ठिकाणी मांडव, पुढं पाड्यावरच्या बाया, टेबलामागं जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, तालुक्याचे अधिकारी, आणि बाजूला तटस्थ माणसांचं पॅनल, एक वकील, एक पत्रकार, एक बाहेरचे डॉक्टर. ती बाई बाळ घेऊन आली होती. ती पावरीत बोलली, कार्यकर्तीनं मराठीत सांगितलं. तिनं रडगाणं गायलं नाही, एवढंच विचारलं, माझा अंगठा घेतला तो कशाचा होता? पॅनलनं लॉगबुकाच्या त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. अधिकाऱ्यांनी आधी निधीचं कारण सांगितलं, ते खरंच होतं. मग पॅनलवरच्या वकिलांनी विचारलं, समितीच्या खात्यात शिल्लक किती आणि ती डिझेलला वापरायला तुमची हरकत आहे का. साहेब म्हणाले हरकत नाही. वकील म्हणाले मग तसं लिहून द्या. दुसऱ्या आठवड्यात एक पानी पत्र आलं, अनुदान येईपर्यंत डिझेलचा खर्च रुग्ण कल्याण समितीतून करावा आणि नंतर समायोजन करावं. त्या पानासाठी बायांनी एका दिवसाची मजुरी बुडवली, पण ते पान हातात आल्यावर डॉक्टरांची भीती गेली. पंपाचं बिल भरलं, गाडी सुरू झाली. गाडी नसेल तेव्हा खासगी जीपचं भाडं साध्या पावतीवर द्यायचा ठरावही समितीनं केला, आणि तो खरोखर सभा घेऊन केला. नोटिसा मागं घेतल्या गेल्या.

ज्यांनी आधी स्वतः भाडं भरलं त्यांना परत द्यायचं ठरलं तेव्हा नवाच पेच. क्रूझरवाला पावती देत नाही. काहींच्या जीपवाल्यांनी नंतर कागदावर लिहून दिलं, त्यांना पैसे मिळाले, या बाईलाही मिळाले. ज्यांचे जीपवाले गुजरातकडं कामाला निघून गेले किंवा नको म्हणाले त्यांचे राहिले ते राहिलेच. आशाताईची आणि दोन शेजाऱ्यांची सही पुरावा म्हणून धरा अशी मागणी आम्ही केली, ती लेखाशाखेनं नाकारली. मला हे अजूनही पटत नाही, खोटा अंगठा जिथं पुरावा म्हणून चालला तिथं खऱ्या माणसांच्या सह्या का चालू नयेत.

त्यानंतर वर्षभर एक साधी गोष्ट चालू होती. घरपोच सोडल्याची सही पीएचसीत न घेता घरी गेल्यावर आशाताईनं घ्यायची, आणि महिन्यातून एकदा समितीच्या एका सदस्यानं यादीतल्या काही घरी फोन करायचा किंवा जाऊन यायचं. आकडा खाली आला, म्हणजे रिपोर्टात घरपोच सोडलेल्या बाया कमी दिसायला लागल्या, आणि तालुक्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांना विचारणा झाली की तुमची कामगिरी का घसरली. डॉक्टरांनी उत्तर दिलं की आता खरा आकडा येतोय. तो मुलगा पुढं बदलून गेला, नवीन डॉक्टर आले, फोन करणं हळूहळू बंद पडलं, गाडी मात्र बहुतेक वेळा चालू असते.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. ही लोकांची देखरेख ज्या पैशावर चालते तो पैसाही एनएचएममधूनच येतो. म्हणजे ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडूनच तपासणाऱ्याचा खर्च, आणि तो हप्ताही तसाच उशिरा. हप्ता थकला की कार्यकर्त्या मुलींचं मानधन थांबतं, मानधन थांबलं की पाड्यावर जाणं कमी होतं, जनसुनवाई पुढं ढकलली जाते. हा पैसा स्वतंत्र ठेवावा, निदान जिल्हा परिषदेच्या किंवा विधिमंडळाच्या देखरेखीखाली वेगळ्या हेडमधून यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या पीएचसीचं तपासायचं असेल तर माहिती अधिकारात एकाच महिन्याची तीन रजिस्टरं मागा, प्रसूती, घरपोच सोडल्याचं आणि लॉगबुक. बायांची नावं झाकून द्या म्हणा, गाव आणि तारीख पुरते. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आणि सोबत रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांची यादी मागा, मग त्यातल्या प्रत्येकाला फोन करून विचारा की मागची सभा कुठं झाली होती.